चमचाभर जागा आणि घोड्यांचे बळ

संगीताच्या शिक्षकाने शर्यतीच्या इंजिनांवर लिहावे ह्याचे ह्या पानाच्या वाचकांना नवल वाटेल. आमच्या घरात यंत्राची ओढ कधी कोणाला नव्हती. ती. वडील पोरवयातच होळकर दरबारच्या चाकरीत पखवाजी म्हणून लागले. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा त्यांना विशीही लागली नव्हती, आणि मी त्यांचे फार उशिराचे अपत्य. त्यांच्याकडून माझ्याकडे आले ते एवढेच की, ताणलेल्या कातड्याचा आवाज ऐकून ते किती ताणले आहे आणि अजून किती सोसेल हे ओळखावे. जुन्या शर्यतीच्या इंजिनांचा नाद मला लागला तो ह्याच वाटेने. कारण त्या इंजिनांचा निम्मा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो: आतले मिश्रण किती आवळावे?

प्रश्न समजायला सोपा आहे. सिलिंडरात पिस्टन तळाशी असतो तेव्हा त्याच्या डोक्यावर जेवढी जागा असते, आणि तो माथ्याला पोचतो तेव्हा जेवढी उरते, ह्या दोहोंचे जे प्रमाण त्याला कारखान्यात ‘कॉम्प्रेशन रेशो’ म्हणतात. पाचशे सी.सी.च्या एका सिलिंडरात सातास एक असे प्रमाण हवे असेल तर माथ्याशी सुमारे ८३ सी.सी. जागा ठेवावी लागते. अकरास एक हवे असेल तर ५०. म्हणजे साऱ्या फरकाची किंमत ३३ सी.सी., चहाचे साडेसहा चमचे! आणि दहावरून अकरावर जायचे तर केवळ एक चमचाभर जागा कमी करायची. एवढ्या चमचाभर जागेसाठी माणसांनी आपली उमर खर्ची घातली, आणि काहींनी त्याहूनही अधिक काही.

जागा कमी केल्याने बळ का वाढते? हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण तेवढेच राहते, हे आधी ध्यानात घ्यावे. एक थेंब पेट्रोलही अधिक लागत नाही. वाढते ते जळलेल्या वायूचे पसरणे. जो वायू अधिक आवळलेल्या जागेतून सुटतो तो पिस्टनला अधिक पटीने ढकलीत जातो आणि जाताना अधिक थंड होतो. जी उष्णता एरवी धुराड्यातून वाया जायची तिच्यातला मोठा वाटा कामी येतो. कागदावरच्या आदर्श हिशोबाप्रमाणे पाचास एक प्रमाण असता उष्णतेचे शंभरातले सुमारे ४७ भाग कामी येतात, सातास ५४, नवास ५८, अकरास ६२. प्रत्यक्ष इंजिनात आकडे ह्याहून बरेच कमी भरतात, पण चढणीची चाल हीच असते. पहिल्या पायऱ्या उंच, पुढच्या ठेंगण्या. सहावरून सातावर गेले की बळ शेकडा साडेपाच-सहाने वाढावे. दहावरून अकरावर गेले की अडीचानेच. इंग्लंडच्या जॅग्वार कंपनीने आपले प्रसिद्ध ३४४२ सी.सी.चे एक्स.के. इंजिन १९४८ नंतर गिऱ्हाइकाला दोन तऱ्हांच्या पिस्टनांसह देऊ केले होते: सातास एक असेल तर १५० अश्वशक्ती, आठास एक असेल तर १६०. कारखान्याने छापलेल्या आकड्यांत थोडा उदारपणा असतोच, पण दहा घोडे केवळ पिस्टनाच्या डोक्याच्या आकारातून आले ही गोष्ट खरी.

ह्या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण मला सापडते ते मॅन बेटावरच्या टी.टी. शर्यतींत. आयरिश समुद्रातल्या ह्या बेटावर रोजच्या रहदारीचे रस्ते बंद करून पावणेअडतीस मैलांच्या फेऱ्यावर मोटारसायकली पळवितात. १९३८ साली पाचशे सी.सी.ची सीनियर शर्यत हॅरॉल्ड डॅनियल ह्याने नॉर्टनवर जिंकली. सात फेऱ्यांचा त्याचा सरासरी वेग ताशी ८९.११ मैल, त्यातली एक फेरी तर त्याने बरोबर ९१ मैलांच्या वेगाने मारली. हा डॅनियल जाड भिंगांचा चष्मा लावीत असे. युद्ध सुरू झाल्यावर लष्कराच्या निरोप्यांत मोटारसायकलस्वार म्हणून भरती व्हायला तो गेला, तेव्हा नजर अधू म्हणून त्याला परत पाठविण्यात आले!

युद्ध संपले. १९४७ साली टी.टी. पुन्हा सुरू झाली. तोच डॅनियल, तेच नॉर्टन, तीच सीनियर शर्यत, आणि जिंकला तोच. पण ह्या खेपेचा सरासरी वेग ८२.८१ मैल. जी वाट १९३८ साली दोन तास अठ्ठावन्न मिनिटांच्या आत कापली तिला आता तीन तास अकरा मिनिटे लागली. साडेतेरा मिनिटे कुठे हरवली? स्वार नऊ वर्षांनी थोराड झाला होता, युद्धाने सामानाचा दुष्काळ पाडला होता, ह्या गोष्टी आहेतच. पण मुख्य कारण टाकीत होते. युद्धापूर्वी शर्यतीला पेट्रोल आणि बेंझॉल यांचे मिश्रण मिळे. बेंझॉल हे दगडी कोळशापासून निघणारे द्रव्य. ते मिसळले की इंजिनात दाबाचे प्रमाण दहा-अकराच्या घरात ठेवता येई. युद्धानंतर इंग्लंडात सर्वांना सारखेच, बिननावाचे, ‘पूल’ पेट्रोल मिळू लागले. त्याचा ऑक्टेन आकडा सत्तर-बहात्तरच्या आसपास. त्या पेट्रोलवर अकराचे प्रमाण ठेवले असते तर इंजिन पहिल्याच डोंगरावर फुटले असते. म्हणून प्रमाण सातापर्यंत उतरवावे लागले. जो गवई पांढरी चारात तारसप्तक लीलया घेत होता, त्याला सर्दी झाली म्हणून काळी एकात गायला बसवावे, तसा हा प्रकार झाला. डॅनियलचा ९१ मैलांचा फेरीचा विक्रम १९५० पर्यंत अबाधित राहिला. त्या वर्षी जेफ ड्यूक ह्या तरुणाने तो ९३.३३ वर नेला, आणि त्यासाठी नॉर्टनला सर्वस्वी नवी चौकट बांधावी लागली.

मग अडते कुठे? अडते ते आवाजाशी, आणि इथे माझ्यासारख्याचे कान टवकारतात.

ठिणगी पडली की मिश्रण एकदम उडते असे आपण समजतो, ते तसे नाही. ठिणगीपाशी ज्योत धरते आणि गवताला लागलेल्या वणव्यासारखी पसरत जाते. ती पुढे सरकते तसा कोपऱ्यात उरलेला, अजून न जळलेला वायू अधिकाधिक दाबला जातो, तापतो. प्रमाण बेताचे असेल तर ज्योत वेळेवर पोचते आणि सारे सुखाने जळते. प्रमाण फाजील असेल, किंवा पेट्रोल हलके असेल, तर ज्योत पोचण्याआधीच तो कोपरा आपण होऊन, एका क्षणात पेटतो. त्या धक्क्याने सिलिंडरातला वायू थाप पडल्यासारखा वाजू लागतो. हे मी अलंकाराने म्हणत नाही. गोल पोकळीतल्या वायूचा स्वर तिच्या व्यासावर आणि आतल्या ध्वनीच्या वेगावर ठरतो. त्या तप्त वायूत ध्वनी सेकंदाला नऊशे ते हजार मीटर धावतो, म्हणून ऐंशी मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात सेकंदाला सहा-सात हजार कंपने होतात. पेटीच्या शेवटच्या पट्टीच्याही वर दोन सप्तके चढावे तेव्हा तो स्वर लागेल. व्यास मोठा की स्वर खाली, लहान की वर, चर्मवाद्यासारखेच. इंग्रज ह्या किणकिणीला ‘पिंकिंग’ म्हणतात, आपले मिस्त्री ‘नॉकिंग’. हल्लीच्या मोटारींत सिलिंडरावर एक बारीक यंत्र बसविलेले असते. ते हाच स्वर ऐकते आणि ठिणगी मागे ओढते. पूर्वी ते काम स्वाराच्या कानाचे होते, आणि शंभर मैलांच्या वेगात, वाऱ्याच्या आणि धुराड्याच्या गर्जनेत, ते कान काय ऐकणार?

न ऐकले तर काय होते? धातूच्या अंगावर स्थिर वायूचा एक पातळ थर असतो, तो आगीपासून धातूला राखतो. ती थरथर हा थर खरवडून काढते. पिस्टनाच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या होतात, मग डोक्याला भोक पडते, किंवा पिस्टन सिलिंडरात घट्ट धरतो आणि मागचे चाक जागच्या जागी जाम होते. जुने शर्यतपटू डाव्या हाताची बोटे सदैव क्लचच्या दांडीवर ठेवीत ती सवय म्हणून नव्हे. तेवढ्या अर्ध्या क्षणात क्लच दाबला तर जीव वाचे.

हा गुंता शास्त्रीय रीतीने उकलला तो हॅरी रिकार्डो ह्या इंग्रज अभियंत्याने. १९१९ च्या सुमारास त्याने ई-३५ नावाचे एक विलक्षण इंजिन बांधले. चालू असतानाच त्याचा सिलिंडर वर-खाली करता येई, म्हणजे तंबोरा छेडता छेडता मणी सरकवावा तसे प्रमाण बदलता येई. निरनिराळी इंधने घालून तो नॉकिंग सुरू होईपर्यंत प्रमाण चढवी आणि आकडा टिपून ठेवी. तेव्हा ध्यानात आले की दोष इंजिनाचा कमी, इंधनाचा अधिक. सारखेच दिसणारे, सारखाच वास येणारे पेट्रोल. पण एक पाचावर ओरडते तर दुसरे सातावर शांत असते. ऑक्टेनचा आकडा, जो आज पंपावर लिहिलेला असतो, तो पुढे १९२०-३० च्या दशकात अमेरिकेत ठरला. पण त्याचे मूळ ह्या ऐकण्यात आहे.

आता एक घरगुती हकीकत सांगतो. आमच्या पेठेत एक वयोवृद्ध मिस्त्री आहेत, सारी वस्ती त्यांना काका म्हणते. त्यांच्याकडे एका तरुणाने दिवंगत वडिलांची नॉर्टन ई.एस.-२ आणली. ही शर्यतीची गाडी नव्हे. पण तिचा व्यास ७९ आणि चाल १०० मिलिमीटर, म्हणजे ज्या मापावर त्याच कारखान्याने वर्षानुवर्षे शर्यती जिंकल्या तेच माप, ४९० सी.सी. मुलाचा हट्ट असा की प्रमाण नवावर न्यावे, जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरायचे आहे. काकांनी पिस्टन माथ्याला आणून प्लगच्या भोकातून डॉक्टरी पिचकारीने तेल सोडले आणि मोजले: ८२ सी.सी. म्हणजे प्रमाण सात.

मी म्हटले, “काका, नऊ केले तर काय बिघडते?”

“मास्तर,” ते म्हणाले, “तुम्ही पखवाजाला किती ठोकता? पुडी फाटेपर्यंत? ह्याचा क्रँककेस सत्तर वर्षांचा आहे. तो फुटला तर मुलाच्या बापाची खूण गेली. नवा कुठून आणू?”

त्यांनी साडेसात ठरविले. हिशोब मी घरी करून पाहिला. वीस-बावीस घोड्यांच्या त्या इंजिनात नवाने पावणेदोन घोडे वाढले असते, साडेसाताने अर्धाच. त्यासाठी सिलिंडराचा तळ सव्वा-दीड मिलिमीटर घासायचा होता. एवढ्या व्यासाला एक मिलिमीटर म्हणजे जवळपास पाच सी.सी., पुन्हा तो चमचाच. पण सिलिंडर खाली आला की व्हॉल्व्ह पिस्टनाच्या जवळ येतात. मध्ये किती फट उरते ते पाहण्यासाठी पिस्टनावर मऊ गोळा ठेवून इंजिन हाताने फिरवावे लागते आणि दबलेला गोळा मोजावा लागतो. काकांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “मास्तर, तुमच्याकडे कणीक मळलेली असेलच.” होतीच. ज्या कणकेने आम्ही पखवाजाची डावी बाजू उतरवतो तिने नॉर्टनचे व्हॉल्व्ह मोजले. सिमरोळच्या घाटात, वरच्या गियरात, पूर्ण मूठ उघडून पाहिली तेव्हा मागे बसलेल्या माझ्या कानाला ती किणकीण एकदाच आली. काकांनी हँडलवरची ठिणगीची दांडी किंचित मागे घेतली, ती गेली. मुलगा अजून नाराज आहे.

असो. इंधनाच्या कथेतला काळा भाग सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेत टॉमस मिजली ह्याला असे आढळले की शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, पेट्रोलमध्ये नखभर घातले तरी नॉकिंग गप्प होते. १९२३ च्या फेब्रुवारीत ते विक्रीला आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत पहिल्या तिन्ही गाड्या ह्याच पेट्रोलवर धावल्या. जाहिरातीला आणखी काय हवे? पुढच्याच वर्षी, १९२४ च्या ऑक्टोबरात, न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात ते द्रव्य बनविणारे कामगार भ्रमिष्ट झाले. पाच जण मेले. अॅलिस हॅमिल्टनसारख्या वैद्यांनी तेव्हाच धोक्याची घंटा वाजविली होती. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबते हे मिजलीलाही ठाऊक होते. पण अल्कोहोल कोणीही गाळू शकतो, त्याचे पेटंट घेता येत नाही. मग पाऊणशे वर्षे जगभरच्या रस्त्यांवर शिसे उडत राहिले आणि मुलांच्या रक्तात उतरले. आपल्याकडे ते पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातल्या शेवटच्या पंपावर, अल्जीरियात, २०२१ मध्ये. लहान विमानांच्या इंधनातून ते अद्याप पुरते गेलेले नाही. दोन-तीन आकड्यांनी प्रमाण चढविण्यासाठी दिलेली ही किंमत मला कोणत्याही हिशोबात बसविता येत नाही.

दाबाचे प्रमाण टाळून बळ वाढविण्याची दुसरी वाटही त्या काळी होती. पंख्याने हवा कोंबून भरायची, म्हणजे सुपरचार्जर. मग मिश्रण आधीच दाबलेले आत येते, म्हणून सिलिंडरातले प्रमाण उलट कमी ठेवावे लागते. १९२४ साली ड्यूसेनबर्ग कंपनीने इंडियानापोलिस जिंकले ते असेच. हे नाव इंदुरी वाचकांनी विसरू नये: महाराजा यशवंतराव होळकरांसाठी लंडनच्या गर्नी नटिंगने १९३५-३६ च्या सुमारास जिच्यावर अंगडे चढविले ती एस.जे. ह्याच कंपनीची आणि सुपरचार्जरची. तिच्या साध्या बहिणीचे, जे. मॉडेलचे, प्रमाण ५.२ आणि कारखान्याने सांगितलेले बळ २६५ अश्वशक्ती; एस.जे.चे ३२०. मात्र मोटारसायकलींच्या शर्यतींत युद्धानंतर सुपरचार्जरला बंदी झाली. बिचाऱ्या ए.जे.एस. कंपनीने ‘पॉर्क्युपाइन’ म्हणजे साळिंदर नावाचे इंजिन सुपरचार्जरच धरून आखले होते. आता तेच साध्या श्वासावर, चढ्या प्रमाणाने चालवायचे! तरीही लेस ग्रॅहमने १९४९ साली पाचशे सी.सी.चे पहिले जागतिक अजिंक्यपद त्यावरच मिळविले. अशा दत्तक गेलेल्या इंजिनाने मिळविलेले यश मला नॉर्टनच्या यशापेक्षा अधिक भावते, हा माझा पक्षपात समजावा.

नुसता आकडा पाहून भुलू नये हेही सांगितले पाहिजे. शर्यतीच्या इंजिनात आत येणारा व्हॉल्व्ह फार उशिरा मिटतो. पिस्टन वर निघाला तरी उघडा. वेग कमी असता घेतलेला श्वास थोडा परत बाहेर जातो, म्हणून अकराचे इंजिन सावकाश चालताना आठाचे वाटते. उलट, अर्धगोल माथ्याच्या जुन्या इंजिनांत प्रमाण फार चढवायचे तर पिस्टनाला मोठे टेंगूळ द्यावे लागे. त्यामुळे जळायची जागा संत्र्याच्या सालीसारखी पसरट आणि पातळ होई, ज्योत रेंगाळे, आणि कागदावर मिळविलेले घोडे वाटेतच सांडत. हा पेच सुटला तो व्हॉल्व्ह उभे करून. १९६७ साली कीथ डकवर्थने कॉसवर्थ डी.एफ.व्ही. इंजिनात व्हॉल्व्हांमधला कोन ३२ अंशांवर आणला, प्रत्येक सिलिंडराला चार व्हॉल्व्ह दिले, पिस्टनाचा माथा जवळजवळ सपाट ठेवला. ४ जूनला झांडफूर्टच्या पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्क तिच्यावर जिंकला. तिचे प्रमाण ११ होते, १९३८ च्या नॉर्टनहून फारसे वेगळे नव्हे; पण तीन लिटरांत चारशेहून अधिक घोडे.

चढाईचे खरे टोक पाहायचे तर धुळीच्या गोल मैदानावरची स्पीडवे शर्यत पाहावी. तिथे तीसच्या दशकापासून कित्येक वर्षे राज्य केले ते लंडनच्या टॉटनहॅम भागात बनणाऱ्या जे.ए.पी. इंजिनाने. एकच सिलिंडर, पाचशे सी.सी., आणि प्रमाण चौदाच्या घरात! हे साधते कारण ती गाडी पेट्रोलवर नव्हे, मेथॅनॉलवर धावते. मेथॅनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या तिप्पट उष्णता शोषते, आणि तेवढ्याच हवेला ते दुपटीहून अधिक घालावे लागते. म्हणून आतला वायू एवढा थंड राहतो की चौदालाही किणकीण उठत नाही. दोष असा की ते हवेतले पाणी ओढते आणि कार्बुरेटर खाते. शर्यत संपली की टाकी आणि नळ्या रिकाम्या करून पेट्रोलने धुवाव्या लागतात. साधे खनिज तेलही त्यात मिसळत नाही, म्हणून वंगणाला एरंडेल वापरीत. जळलेल्या एरंडेलाच्या गोडसर वासाने ती मैदाने भरून जात. तो वास घेण्यासाठीच शर्यतीला येणारी माणसे होती असे म्हणतात, आणि मला ते खरे वाटते. वडिलांच्या खोलीत शाईच्या ताज्या लेपाचा वास आला की मीही शिकवणी सोडून दारात उभा राहत असे.